मल्लूमामा आणि भाड्याच्या दोन सायकली

मी मल्लूमामाची बायको होणार, हे मला दात यायच्या आधी ठरलं होतं. मल्लूमामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा धाकटा भाऊ. हे ऐकून आजची मुलं डोळे मोठे करतात. माझ्या नातीनं तर "शी, आजी" म्हणून उशीच फेकून मारली. पण आमच्या सोलापूरकडच्या लिंगायत घरांत त्यात काही विशेष नव्हतं, शेजारच्या तेलुगू विणकरांतही नव्हतं. बहिणीची मुलगी भावानं करायची. लेक परक्या घरी जात नाही, बहिणीचं माहेर तुटत नाही, आणि सासू म्हणून आपलीच आजी मिळते. बहिणीचा तो हक्कच. माझ्या बारशाला आजीनं शाळकरी मल्लूमामाच्या हातात नारळ दिला, त्याला पाळण्याशी उभं केलं आणि "ही तुझी" म्हणाली. त्याला पेढा मिळाला, त्यानं मान हलवली. झालं. एवढ्यावर दोन माणसांचा जन्म बांधून टाकला आणि बायका जेवायला बसल्या.

आमचं घर मंगळवार पेठेत, अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुकानाच्या मागं. डाळी, शेंगदाणे, गूळ, मिरच्या. घराला दुसरं दार नव्हतं. म्हणजे होतं, पण ते अप्पांनी पोती रचून केव्हाच बुजवलं होतं. बाहेर पडायचं तर दुकानातून, गादीवर बसलेल्या अप्पांच्या समोरून. अप्पा कधी ओरडत नसत. फक्त मान वर करून बघत. त्या बघण्याला उत्तर द्यावं लागे: कुठं, कशाला, कोणाबरोबर, कधी येणार. उत्तर देता देता जायची हौसच मरायची. आत सगळा दिवस मिरचीचा खकाणा आणि शेजारच्या मागांची खटखट. ती खटखट इतकी सवयीची की बंद पडली की आम्ही दचकायचो. मिलचा भोंगा झाला की अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीपुढून उठायची आणि उखळापाशी बसायची. शेंगाची चटणी आमच्याकडं कुटून व्हायची. कुटता कुटता दाण्याला तेल सुटलं पाहिजे, तांबडं बोट भरलं पाहिजे. आताची मिक्सरची चटणी मी खाते, नाइलाज म्हणून. पण तिला मी चटणी म्हणत नाही.

मल्लूमामा अक्कलकोटजवळच्या खेड्यातला. शिकायला आमच्याकडं राहिला, मी दोन-तीन वर्षांची असल्यापासून. माझा शेंबूड त्यानं पुसला, पाढे त्यानं घेतले, मला गोवर आला तेव्हा कडुलिंबाचे डहाळे घेऊन तोच बसला. आणि सायकल त्यानंच शिकवली. तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर सायकलची दुकानं होती, तासावर भाड्यानं मिळायच्या. मला लहान सायकल लागायची, ती एकच होती आणि तिच्यासाठी पोरांची रांग. मामा शाळा सुटायच्या आधीच जाऊन ती धरून ठेवायचा. मग पार्क मैदानावर तो मागं कॅरिअर धरून पळायचा आणि मी पुढं ओरडायची, "सोडू नको रं, सोडू नको." एकदा मी मागं वळून बघितलं तर तो लांब उभा, कमरेवर हात ठेवून हसतोय. मी तिथंच पडले. गुडघा फुटला तो फुटलाच. घरी आल्यावर अव्वानं आधी मामाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग माझ्या गुडघ्याला हळद लावली.

असला मामा होता माझा. त्याच्याशी लग्न व्हायचंय हे मला ठाऊक होतं, पण ते पंढरी कुठं आहे हे ठाऊक असावं तसं. गल्लीतल्या बायका चिडवायच्या, "नीले, नवरा कुटं गेला गं तुझा?" मी सांगायची, "भाजी आणायला." त्या हसायच्या, मीही हसायची.

मी वयात आले आणि हे सगळं एका दिवसात थांबलं. सायकल बंद. मैदान बंद. पार्कावरून येणारी हवासुद्धा जणू बंद. अव्वानं मला जवळ बसवून सांगितलं, "आता मामाला अरे-तुरे करायचं न्हाई. अहो म्हणायचं. त्याच्यासमोर पाय पसरून बसायचं न्हाई. तो जेवायला बसला की ताट तू वाढायचं." मी म्हटलं, "का?" अव्वा म्हणाली, "का म्हंजे? आता काय ल्हान हाईस?" मग मी ताट वाढायला लागले. मामा मान खाली घालून कडक भाकरी मोडायचा, मी मान खाली घालून उभी. ज्याच्या खांद्यावर बसून मी गड्ड्याची जत्रा बघितली, त्याला मी "आणखी आमटी वाढू का?" असं परक्यासारखं विचारायची, आणि तो "नको" म्हणायचा. माझा मामा त्याच दिवसांत हरवायला लागला होता. नवरा मिळायचा होता म्हणून मामा काढून घेतला, असा तो व्यवहार. मला दुसरा कोणी आवडत नव्हता. मला पळून जायचं नव्हतं, शिकून कोणी मोठी व्हायचं नव्हतं. मला माझा मामा परत हवा होता, मामा म्हणूनच. पण हे कोणाला सांगणार? सांगितलं तरी समजणार कोणाला? घरातल्या सगळ्यांच्या मते तो तर मला जन्मभरासाठी मिळतच होता.

पुढं मामाला गोव्यात, पणजीला, वीजखात्यात नोकरी लागली. तो सणावाराला यायचा. अव्वा लग्नाचा महिना विचारायची आणि तो काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचा. खोली लहान आहे. रजा नाही. साहेब नवीन आलाय. मला वाटायचं, त्याला घाई नाही इतकंच; पुरुषांना कसली घाई? अव्वाला मात्र धीर निघेना. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, शेजारणी विचारायला लागल्या होत्या. शेवटी ती अप्पांना म्हणाली, "मीच जाऊन येते. तम्माच्या तोंडातून महिना काडल्याबिगर परत येणार न्हाई." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. अव्वानं त्याला कधी नावानं हाक मारली नाही.

गोव्यात जायचं म्हणजे अव्वाला देश सोडून जायचं वाटत होतं. तिथं सगळीकडं मासे, पाण्यालासुद्धा मासे लागलेले, तिथलं काही खायचं नाही, हे तिनं पक्कं ठरवलं. आम्ही कधी अंड्याचं टरफलसुद्धा घरात येऊ न देणारी माणसं. तिनं चार दिवस बसून कडक भाकरी केल्या. पातळ, पापडासारख्या, तव्यावरून काढून चुलीच्या धगीला उभ्या वाळवलेल्या. आमच्या हवेत ही भाकरी महिना-महिना टिकते, हातात धरली की कुडूम वाजते. पत्र्याच्या मोठ्या डब्यात त्या रचल्या, वर शेंगाचटणी, आणि वेगळ्या पिशवीत नारळ, साखर, खण, हळदकुंकू. आम्ही दोघी निघालो, कोल्हापूरला गाडी बदलली, आणि घाट उतरताना अव्वा डोळे मिटून शिवशिव करत राहिली. मी खिडकीतून बघत होते. एवढं हिरवं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्याकडं हिरवं म्हणजे आषाढात चार दिवस.

मामाची खोली एका कौलारू घराच्या मागच्या अंगाला होती. पुढं लहानसा व्हरांडा, माड, विहीर. मामा स्टँडवर न्यायला आला होता. माझ्याकडं न बघता "ये" म्हणाला. अव्वानं पदर नाकाला लावला तो तीन दिवस काढला नाही. तिनं मामाचा स्टो घासून घासून धुतला, भांडी राखेनं घासली, मग हुग्गीसाठी, म्हणजे आमच्या गव्हाच्या खिरीसाठी, गहू शिजत घातले. पहिल्या दिवशी ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबा उघडला, भाकरी काढली आणि मोडायला गेली तर भाकरी मोडेना. वाकली. चिंधीसारखी हातावर लोंबली. अव्वानं दुसरी काढली, तिसरी काढली, अगदी तळातली काढली. सगळा डबा सादळला होता. समुद्राची हवा पत्र्याच्या डब्यातसुद्धा शिरते, हे सोलापूरच्या बाईला कोण सांगणार? दुपारपर्यंत काहींना वास यायला लागला. अव्वा डब्यासमोर बसून राहिली. चार दिवसांची मेहनत; डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग डोळे पुसून म्हणाली, "हितं काय खायचं आपण? परवा सकाळच्या गाडीनं निघायचं. उद्या संध्याकाळी ओटी भरून टाकते, नारळ देते तम्माच्या हातात, महिना ठरवते. मोकळं."

आठ दिवस राहायचं म्हणून आलो होतो. मला वाटलं होतं, आठ दिवसांत काहीही होईल. काय होईल ते ठाऊक नव्हतं, पण आठ दिवस हातात होते. भाकरी सादळल्या आणि ते आठ दिवस एका दिवसावर आले. मी विहिरीपाशी जाऊन तोंड धुतलं, दोनदा, तीनदा. उद्या संध्याकाळी एक नारळ मामाच्या हातात जाईल, तो मान हलवील, आणि मग मी जन्मभर त्याच्या ताटाशी मान खाली घालून उभी राहीन.

पुढचा दिवस रविवार. मामा सकाळी लिंगपूजा करून, कपाळावरची विभूती पुसून आला आणि अव्वाला म्हणाला, "अक्का, एवढं लांब आलाय, गाव तर बघा. सायकली भाड्यानं मिळतात. फिरवून आणतो." अव्वा म्हणाली, "मी काय सायकलीवर बसू आता?" मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. गेल्या चार वर्षांत ज्या बाईनं मला एकटीला मारुतीच्या देवळात पाठवलं नव्हतं, ती म्हणाली, "जा की नीला. तुझ्याच माणसासंगं जायलीस, कोण काय म्हणतंय?" मला बरं वाटायला हवं होतं. पण दार उघडलं ते कशासाठी उघडलं हे कळत होतं. अप्पांच्या गादीसमोरून जायचं नव्हतं, तरी उत्तर आधीच देऊन ठेवलेलं होतं. तिनं त्यातल्या त्यात बऱ्या चार भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून दिली.

सायकलवाला म्हातारा, अर्ध्या चड्डीतला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मामानं एक स्वतःसाठी आणि एक बायकांची, मधला दांडा नसलेली, मागितली. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "तुजी बायल?" बायल म्हणजे बायको, तेवढं मलाही कळलं. मामा म्हणाला, "नाही हो. भाची माझी." म्हाताऱ्याचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला. "मामान भाचयेक गांव दाखोवंक जाय," म्हणाला, आणि आत जाऊन चांगली, नवी सीट लावलेली सायकल घेऊन आला. संपलं. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं, असायचं कारणच नव्हतं. सोलापुरात मामानं भाची म्हटलं असतं तर चार बायकांनी डोळे मिचकावले असते. इथं भाची म्हणजे भाची. मला एकाएकी हसू फुटलं. मामानं वळून बघितलं, माझ्या तोंडाकडं, सरळ. कितीतरी दिवसांनी.

मी पदर खोचला आणि बसले. सायकल विसरत नाही माणूस. पहिल्या वळणाला जरा लटपटले, मग पाय लागले. आम्ही नदीकाठच्या रस्त्यानं निघालो. मांडवी म्हणजे नदी हे मला पटेना. आमची सीना उन्हाळ्यात चालत ओलांडतात, आणि ही पलीकडचा काठ धूसर दिसेल इतकी रुंद. लोखंडाची माती भरलेल्या लांबलचक होड्या सावकाश समुद्राकडं चालल्या होत्या. एक पाववाला सायकलीवर भोंगा वाजवत गेला, पों पों. पांढरं देऊळ, म्हणजे ख्रिस्तांव लोकांचं, त्याच्या पायऱ्या नागमोडी चढलेल्या. त्याच्यासमोर आम्ही नुसते उभे राहिलो. पुढं समुद्र. मला वाटलं होतं समुद्र निळा असतो. तो मातकट होता आणि त्याचा आवाज एवढा मोठा की बोललेलं ऐकू येईना. मी चपला काढून पाण्यात गेले. मामा काठावर सायकली धरून उभा. लाट आली, साडी गुडघ्यापर्यंत भिजली, मी ओरडले आणि तो हसला, तसाच, कमरेवर हात ठेवून. माझ्या पायाखालची वाळू सरकत होती, आणि मला रडायला येत होतं, कारण संध्याकाळ व्हायची होती.

"पूल बघायचाय?" मामानं विचारलं. तेव्हा तो पूल नवाच होता. आधी लोक तरीनं पलीकडं जायचे, आता गाड्या जायच्या, आणि गोव्यात येणारा प्रत्येक जण तो बघून जायचा. पुढं बऱ्याच वर्षांनी तो पूल पडला. पेपरात फोटो आला होता, मधला भाग पाण्यात गेलेला. आमच्या बार्शीच्या घरात तो पेपर हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते, सून म्हणाली, "आई, कुणी ओळखीचं होतं का त्यात?" काय सांगणार तिला? पण त्या रविवारी तो पूल धडधाकट होता. चढ होता. मी दम लागेपर्यंत पायडल मारले, उतरले नाही. वारा असा की पदर खोचलेला निघून फडफडायला लागला. मधोमध चढ संपला तिथं मामानं सायकल कठड्याला टेकवली. मीही टेकवली. एक ट्रक गेला आणि पूल पायाखाली हलल्यासारखा झाला.

"नीले," मामा म्हणाला, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा की," मी म्हटलं.

"तुला माझ्याशी लग्न करायचंय का?"

नाही म्हटलं आणि त्याचं मन मोडलं तर? त्याला मी हवी असले तर? मी म्हटलं, "तुम्हाला?"

"मी आधी विचारलंय."

"मी ल्हान हाय. मोठ्यानं आधी सांगायचं."

तो पाण्याकडं बघत म्हणाला, "तू ताट ठेवून समोर मान खाली घालून उभी राहतीस ना, तेव्हा मला वाटतं मी कुणाच्या तरी घरातलं कायतरी चोरलंय आणि पकडला गेलोय. घास उतरत न्हाई गं. मी तुझा शेंबूड पुसलाय, नीले. तुझ्याशी लग्न कसं करू मी? पण अक्का. अक्कानं मला पोरासारखं सांभाळलंय. तिचा हक्क हाय. आणि तुला हवं असलं तर मी न्हाई कसं म्हणू? म्हणून वर्ष वर्ष ढकललं."

मी रडायलाच लागले. रडता रडता हसायला लागले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. मी म्हटलं, "मला नवरा नको रं तू. मला माझा मामा पायजे." चार वर्षांनी मी त्याला अरे म्हटलं, आणि ते म्हणताच आम्ही दोघं पहिल्यासारखे झालो. त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. मी त्याच्या हातातलं फडकं ओढून सोडलं. सादळलेल्या भाकरीला चटणी फासून आम्ही तिथंच उभ्यानं खाल्ली, चामड्यासारखी चावत. एवढी गोड भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही.

"मी सांगतो अक्काला," मामा म्हणाला. "तू मधे बोलायचं न्हाई."

"का? मी पण सांगते."

"मी बोललो तर मला शिव्या देईल. तू बोललीस तर तुझा उंबरा बंद करंल."

"तसा पण बंदच हाय."

मग मामा हळूच म्हणाला, "तोडंल मला अक्का. बहिणीच्या लेकीला नको म्हणालेला भाऊ. दारात उभी करणार न्हाई." मला ते तोवर सुचलंच नव्हतं. लग्न केलं तर मामा जाणार, आणि नाही केलं तरी मामाच जाणार. पुलावरून एकीकडं गाव दिसत होतं, दुसरीकडं समुद्र, आणि मला वाटलं, आपल्याला जायला कुठलीच बाजू नाही. मी म्हटलं, "मग नको सांगूस. करू लग्न." तो म्हणाला, "येडी हाईस का? चल, सायकली द्यायची वेळ झाली." उतारावरून येताना आम्ही दोघांनी पाय वर घेतले. पायडल न मारता खाली आलो, वारा कानांत शिरत होता, आणि तेवढा वेळ मी कशाचा विचार केला नाही.

संध्याकाळी अव्वानं व्हरांड्यात पाट मांडला. मामा पाटावर बसला नाही. पुढं येऊन तिच्या पायांशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "अक्का, मी नीलाशी लग्न करू शकत न्हाई. ती मला पोरीसारखी हाय. तू मला मार, पण हे करायला सांगू नकोस." अव्वाला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा असा झाला, तो मी विसरू शकत नाही. चिडलेला नव्हता तो. कुणीतरी भर बाजारात पदर ओढावा तसा झाला होता. ती म्हणाली, "माझ्या लेकीत काय कमी हाय?" तो म्हणाला, "काय कमी न्हाई." "मग माझ्यात कमी हाय?" तो रडत होता. मी तोंड उघडलं तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी मिटलं. अव्वानं नारळ पिशवीत परत घातला, साखर घातली, खण घातला. म्हणाली, "आजपासून मला भाऊ न्हाई." त्या रात्री आणि सकाळी तिनं त्याच्या घरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही. उरलेल्या भाकरी विहिरीपलीकडं कावळ्यांना टाकल्या. मामा स्टँडवर आला, लांब उभा राहिला. गाडी हलली तरी तिनं खिडकीतून बघितलं नाही. मी बघितलं.

घरी आल्यावर अव्वा माझ्यावर रागावली नाही. हे जास्त वाईट होतं. नाकारलेली पोर म्हणून ती माझ्या केसांना जास्त तेल लावायची, ताटात जास्त तूप वाढायची. रात्री तिचे उसासे ऐकू यायचे. मी एकदा सांगायला गेले, "अव्वा, मलाही करायचं नव्हतं." तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "त्याची बाजू घेऊ नको," म्हणाली. तिनं माझ्यावर विश्वासच ठेवला नाही. मामाचं नाव घरात बंद. आणि नाकारलेली पोर जास्त दिवस घरात ठेवायची नसते, म्हणून बार्शीच्या भुसार व्यापाऱ्याचं स्थळ आलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. मामा असता तर मी त्याला तरी सांगितलं असतं. माझे यजमान चांगले होते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यांना बघायच्या आधी मी त्यांची झाले होते, आणि बार्शीच्या घरातूनसुद्धा बाहेर पडायचं तर दुकानातूनच पडावं लागायचं.

लग्न आमच्या दुकानासमोर, रस्त्यावर मांडव घालून. अक्षतांची वेळ झाली. आमच्याकडं मुलीच्या पाठीशी तिच्या मामानं उभं राहायचं असतं. त्याच्या हातांनी ती माहेरातून सुटते. अंतरपाट धरला, लग्न लावणाऱ्या स्वामींनी हाक दिली, "मुलीचा मामा कोण? या पुढं." कोणी हललं नाही. बायकांत कुजबूज झाली. स्वामींनी पुन्हा हाक दिली. अव्वा माझ्या बाजूलाच उभी होती. ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिला मामा न्हाई. दुसऱ्या कुणालातरी उभं करा."

मी मान वर केली. नवरीनं मान वर करायची नसते, पण केली. मांडवाच्या अगदी शेवटच्या खांबाला मल्लूमामा टेकून उभा होता. कोणी बोलावलेलं नव्हतं. प्रवासानं चुरगळलेला सदरा, हातात पिशवी. अव्वाचे शब्द त्याच्यापर्यंत पोचले होते, कारण तो वळला होता, जायला निघाला होता. त्या क्षणी मला ना बार्शीकरांची भीती वाटली ना अव्वाची. मी म्हटलं, "मला मामा हाय. तो तितं उभा हाय. तो आल्याबिगर मी अक्षता घेणार न्हाई."

वाजंत्री थांबली. सासरे पुढं झाले, "काय भानगड हाय?" असं विचारायला लागले. स्वामी घड्याळाकडं बघत होते. मी पाय हलवला नाही. तेव्हा अप्पा उठले. जन्मभर गादीवर बसून नुसतं बघणारा माणूस. तो उठला, मांडवाच्या त्या टोकापर्यंत चालत गेला आणि मल्लूमामाचा दंड धरून त्याला घेऊन आला. मामाला माझ्या मागं उभं केलं आणि जाऊन आपल्या जागी बसले. मामाचे हात माझ्या खांद्यांवर आले. अव्वानं तोंड फिरवलं होतं. "याला काढा" असं ती कधीही म्हणेल म्हणून मी कान देऊन होते.

ती म्हणाली नाही. अंतरपाट सरकला, अक्षता पडायला लागल्या. अव्वा अगदी हाताच्या अंतरावर होती, तरी तिच्या मुठीतल्या अक्षता माझ्या डोक्यावर पडल्याच नाहीत. त्या माझ्यावरून जाऊन मागं, मामाच्या सदऱ्यावर पडत होत्या. एकदा नाही, प्रत्येक वेळी. लोक म्हणाले, माउलीला रडू आवरेना, हात चुकत होता तिचा. माझी अव्वा उखळात मुसळ घालताना डोळे मिटून घालायची. तिचा हात चुकलेला मी कधी पाहिला नाही.